कॅबिनेट, कूलर आणि समोरचं दार

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त भाच्याचं आहे.

नवतपा सुरू होऊन चारच दिवस झाले होते. बाहेर ४५ अंश, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि दुपारी अडीचला भाच्याचा फोन. "मामा, कॉम्प्युटर बंद पडून राहिला ना. सकाळपासून तिसऱ्यांदा."

हा आमचा भाचा बिल्डर लोकांसाठी थ्रीडी वॉकथ्रू करून देतो. म्हणजे जी इमारत अजून पायातसुद्धा नाही तिच्या बाल्कनीत उभं राहून सूर्यास्त पाहता येईल अशी फिल्म. कॉम्प्युटर रात्र-रात्र रेंडर करत बसतो आणि भाचा झोपतो. निदान तशी योजना असते. कॉम्प्युटर मध्येच बंद पडला की सकाळी उठून अर्धवट सूर्यास्त हाती लागतो, आणि बिल्डर लोकांना अर्धवट सूर्यास्त चालत नाहीत. त्या आठवड्यात एक काम असंच हातचं गेलं होतं. ताईने दोन वर्षांच्या भिशीचे पैसे घालून त्याला हे यंत्र घेऊन दिलेलं, त्यामुळे घरात वातावरण बाहेरच्यापेक्षा तापलेलं होतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर गेलो. खोलीत शिरल्याबरोबर कॅबिनेटकडे लक्ष गेलं. जाणारच. समोर काच, बाजूला काच, आत सहा पंखे आणि सगळे रंगीबेरंगी. गणपतीच्या डेकोरेशनमध्ये ठेवलं असतं तर बक्षीस मिळालं असतं.

"मामा, मी ठरवलं आहे," तो म्हणाला. "वॉटर कूलिंग करतो. कस्टम लूप. साठेक हजार लागतील, हप्त्यांवर होऊन जाईल." आणि मग हळूच, "तुम्ही पण केलं होतं ना?"

केलं होतं. त्याची गोष्ट पुढे सांगतो. हा लेख खरं म्हणजे त्या 'तुम्ही पण' मुळेच लिहावा लागतोय.

*

आधी त्या संध्याकाळचं पूर्ण करतो.

मी त्याला म्हटलं, साठ हजाराचं नंतर बघू, आधी पाच मिनिटं दे. रेंडर सुरू करायला सांगितलं. खोलीत ३७ अंश होते. पंधरा-वीस मिनिटांत प्रोसेसर ९३ आणि ग्राफिक्स कार्ड ८६ वर जाऊन टेकलं. मग मी कॅबिनेटचं पुढचं काचेचं पॅनेल ओढून काढलं, खटक्यांवरच असतं ते, आणि भिंतीला टेकवून ठेवलं. बाकी कशाला हात लावला नाही. चहा झाला, ताईचं सगळं ऐकून झालं. पुन्हा पाहिलं तर प्रोसेसर ८२, कार्ड ७५.

अकरा-अकरा अंश. खर्च शून्य.

भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्याला आनंद झाला नव्हता, फसवलं गेल्यासारखं वाटत होतं. ते पॅनेल पाहूनच तर त्याने कॅबिनेट घेतलं होतं.

आता यात जादू काही नाही, गणित आहे, आणि तेही शाळेतलं. त्याचा प्रोसेसर पूर्ण जोरात असताना १४२ वॅट खातो, कार्ड २२०, बाकी सटरफटर धरून ४०० वॅट समजा. कॉम्प्युटरमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे त्या काचेच्या पेटीत सतत ४०० वॅटची शेगडी पेटलेली. ही उष्णता हवेने बाहेर न्यायची आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर मिनिटाला साधारण ७५ ते ८० घनफूट हवा आत येऊन बाहेर गेली पाहिजे. पंख्यांच्या खोक्यावर सीएफएम म्हणून जो आकडा असतो तो हाच. निम्मीच हवा गेली तर वाढ १० ऐवजी २० अंश. इतकं सरळ.

"पण मामा, एकेक पंखा ५०-६० सीएफएमचा आहे. समोर तीन आहेत."

आहेत ना! पण तो आकडा पंखा मोकळ्यावर धरून फिरवला तर. त्याच्या कॅबिनेटला काचेच्या दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर रुंद आणि सुमारे ४० सेंटीमीटर उंच अशी फट होती. दोन फटी मिळून ८० चौरस सेंटीमीटर. १२० मिलिमीटरच्या एका पंख्याला पाती फिरतात तेवढीच जागा धरली तरी ९० चौरस सेंटीमीटर भरते, तिघांची पावणेतीनशे. म्हणजे तीन जणांनी एकाच नळीतून उसाचा रस ओढायचा. गाल आत जातील, आवाज भरपूर होईल, रस काही यायचा नाही.

आणि गंमत म्हणजे ही गोष्ट नागपुरात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगावी लागते! आमच्याकडे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं की कूलर लावला की समोरचं दार किलकिलं ठेवायचं. कूलर खिडकीत, खिडकीबाहेर. कोरडी हवा वाळ्यातून किंवा वुडवूलमधून ओली होऊन आत येणार आणि समोरच्या दारातून निघून जाणार. दार लावून घेतलं की दहा मिनिटांत खोलीचा दमट डबा होतो, अंगाला चिकचिक सुटते, आणि आतून कोणीतरी ओरडतं, "अरे दार कोणी लावलं?" हे ओरडणारे लोकच दुकानात जातात आणि तोंडावर काच बसवलेलं कॅबिनेट घेऊन येतात.

*

मला विचाराल तर कॅबिनेट ही कॉम्प्युटरमधली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू आहे, आणि सगळ्यात जास्त टिकणारीही. प्रोसेसर चार-पाच वर्षांत म्हातारा होतो, कार्ड त्याच्याही आधी. कॅबिनेट मात्र पत्र्याचंच, ते कुठे जातंय? १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचं माप ठरवलं. ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा मदरबोर्ड, स्क्रूची भोकं ठरलेली. तीस वर्षांनंतरही बोर्ड त्याच मापाचे येतात. म्हणजे चांगलं कॅबिनेट घेतलं तर आत दोन-तीन संसार मांडून होतात. तरी बजेट करताना आपण काय करतो? प्रोसेसर, कार्ड, रॅम, एसएमपीएस, आणि शेवटी उरलेल्या चार हजारांत 'कोणतं तरी दिसायला बरं' कॅबिनेट. घर बांधताना खिडक्यांचे पैसे टाइल्सवर उडवावेत, तसंच.

आमच्या वेळी (हा शब्दप्रयोग मी टाळणार होतो, पण जाऊ द्या) प्रश्नच नव्हता. कॅबिनेट एकच, मळकट पांढरं, मागे ८० मिलिमीटरचा एक पंखा, तोही असला तर. उन्हाळ्यात त्याची डावी बाजू काढून ठेवायची आणि समोर टेबल फॅन लावायचा, हे आमचं एअरफ्लो डिझाईन. मग फेब्रुवारी २००४ मध्ये इंटेलचे प्रेस्कॉट पेंटियम आले. शंभर वॅटच्या पुढे जाणारे. त्या चिपने इंटेललाच घाम फोडला. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढायचा बेत त्यांनी ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द केला. त्याच सुमारास त्यांनी बीटीएक्स नावाची नवी मांडणीही आणली होती. कल्पना फार छान होती. समोरून हवा घ्यायची, ती सरळ रेषेत प्रोसेसरवरून न्यायची आणि मागून सोडायची. जुन्या वाड्याचं दार, चौक आणि परसदार एका रेषेत असतं ना, तसं. पण २००६ मध्ये ६५ वॅटचा कोअर २ ड्युओ आला आणि बीटीएक्सची गरजच संपली. चिप थंड झाली, लोक हवा विसरले.

आता चिपा पुन्हा तापल्या आहेत. इंटेलच्या आय-९ १४९००के ला जोरात पळताना २५३ वॅटपर्यंत मुभा आहे. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर तर ९५ अंशांवर चालणं हेच नॉर्मल समजतात. २०२५ च्या जानेवारीत जाहीर झालेलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० एकटं ५७५ वॅटचं. आमच्या इस्त्रीची आठवण यावी असे आकडे. आणि नेमक्या याच काळात कॅबिनेटवाल्यांनी समोर काचा लावायला घेतल्या. याला काय म्हणावं?

*

आता पाण्याकडे येतो.

पाण्याबद्दल सगळ्यांचा, अगदी शिकलेल्यांचाही, एक गोड गैरसमज असतो की पाणी गार असतं. माठ, कूलर, विहीर, लहानपणापासून गारव्याशी पाण्याचं नातं डोक्यात बसलेलं. पण कॉम्प्युटरच्या बंद नळीतलं पाणी गारवा देत नाही. ते हमाल आहे. प्रोसेसरच्या डोक्यावरचं ओझं उचलायचं आणि रेडिएटरपर्यंत नेऊन टाकायचं, एवढंच त्याचं काम.

हमाल मात्र भलताच ताकदीचा. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी साडेतीन हजारपट उष्णता उचलतं. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर ते एका अंशाच्या वाढीत ७० वॅट घेऊन जातं. साधारण पंप मिनिटाला चार लिटर सहज फिरवतो, म्हणजे ३०० वॅटचा प्रोसेसर असला तरी ब्लॉकमधून जाताना पाणी जेमतेम अंशभर तापतं. म्हणूनच लूपमध्ये आधी कार्ड की आधी प्रोसेसर, यावर पोरं रात्र-रात्र भांडतात त्याला काही अर्थ नसतो. सगळीकडे पाणी जवळपास सारखंच कोमट असतं.

पण रेडिएटरवर पोहोचल्यावर ते ओझं कोण उचलतं? हवा! तीच हवा, जी काचेमुळे आत येत नव्हती. म्हणजे तुम्ही साठ हजार घालून उष्णता कॅबिनेटच्या मधून काढून कॅबिनेटच्या कडेला आणून ठेवली. दार अजून बंदच आहे. आणि रेडिएटर म्हणजे तर दाट जाळीच, त्याच्यातून हवा ढकलायला पंख्याला जास्त दाब लागतो. वॉटर कूलिंग करायचं तर कॅबिनेट हवेशीर नको, असं नाही. उलट ते आणखी हवेशीर लागतं.

दुसरं म्हणजे, खोलीत ३७ अंश असतील तर जगातला कुठलाही रेडिएटर पाणी ३७ च्या खाली नेऊ शकत नाही. त्याच्या खाली जायचं तर पाणी उडवावं लागतं, म्हणजे बाष्पीभवन. कूलर तेच करतो. मे महिन्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की ४५ अंशांतही ओला कपडा पंचविशीच्या आसपास उतरू शकतो. परदेशातल्या काही हौशी मंडळींनी २००० नंतरच्या वर्षांत पीव्हीसी पाईप उभा करून, वरून शॉवरने पाणी सोडून, कॉम्प्युटरसाठी अगदी असाच मनोरा केला होता. त्यांना वाटलं आपण शोध लावला. आमच्याकडे तो प्रत्येक खिडकीला टांगलेला असतो.

कोणी म्हणेल, मोठमोठे सुपरकॉम्प्युटर मग पाण्यावर का चालतात? चालतात. पुण्याच्या आयसरमध्ये बसवलेल्या परम ब्रह्मला थेट द्रवानेच थंड ठेवतात. पण तिथे शेकडो प्रोसेसर एका खोलीत दाटीवाटीने असतात, उष्णता इमारतीबाहेर न्यायची असते, आणि ती बघायला पगारी माणसं असतात. भाच्याकडे एक प्रोसेसर, एक कार्ड आणि बघायला कोणी नाही. तो रात्री झोपलेला असतो.

*

आणि आता 'तुम्ही पण'.

२००६ साल. नोकरी नवी, लग्नाला तीन वर्षं, अंगात खुमखुमी. प्रेस्कॉट घरी होता आणि इंटरनेटवर अमेरिकेतल्या पोरांचे फोटो पाहिले होते. जुन्या पाँटियाक गाडीच्या हीटरचा कोर काढून त्याचा रेडिएटर करायचे ते. मी म्हटलं आपण का नाही? भंगारातून कुठल्याशा गाडीच्या हीटरचा कोर आणला. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तांब्याचा ठोकळा कोरून घेतला. माशांच्या टाकीचा पंप. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर. आणि नळी म्हणून गवंडी लोक लेव्हल काढायला वापरतात तो पारदर्शक पाईप. सगळं मिळून अकराशे रुपये. पहिल्यांदा पंप लावला, पाईपमधून बुडबुडे पळाले आणि प्रोसेसर १९ अंशांनी खाली आला. तो आनंद मी अजून विसरलेलो नाही. खोटं कशाला बोलू, नोकरीतल्या कुठल्याही बढतीने मला तेवढा आनंद दिलेला नाही.

त्याच कॉम्प्युटरवर बायकोचा पीएच.डी.चा प्रबंध चालू होता. मराठीचा. १५ जूनला जमा करायचा होता. तेव्हा युनिकोडचा आजच्यासारखा सुकाळ नव्हता. विकत घेतलेले फाँट, आणि ते चालायला प्रिंटरच्या पोर्टात लावायचं एक कुलूप.

मेच्या शेवटी एका रात्री पाईप उन्हाळ्याने मऊ पडला आणि तोटीवरून सरकला. क्लिप मी 'उद्या आणू' म्हणून लावली नव्हती. पाणी मदरबोर्डावरून उतरत मागच्या पोर्टांपर्यंत गेलं. डिस्टिल्ड वॉटरमधून वीज जात नाही म्हणतात, पण महिनाभर तांब्या-पितळेतून फिरलेलं आणि धुळीवर सांडलेलं पाणी कसलं डिस्टिल्ड? बोर्ड गेला. कुलूपही गेलं. हार्डडिस्क वाचली, पण तिच्यावरचा मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसती अगम्य अक्षरं.

शेवटची बासष्ट पानं नीट छापलेली नव्हती. महालातल्या एका डीटीपीवाल्याकडे, त्याचं काम संपल्यावर, संध्याकाळी सात ते रात्री अकरा ती स्टुलावर बसून ती पानं कच्च्या प्रिंटवरून आणि हाताच्या टिपणांवरून पुन्हा टाईप करत होती. अठरा दिवस. मी न्यायला-आणायला होतो, एवढंच. उशिराचा दंड भरून प्रबंध जमा झाला. पदवीही मिळाली.

तिने मला एका शब्दाने सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं. फक्त नवा बोर्ड आणला तेव्हा तिने विचारलं, "ते पाणी कशासाठी होतं?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण खरं उत्तर होतं, 'मला मजा येत होती म्हणून'. तापमान वगैरे मी सांगितलं, पण बाजूचं पॅनेल काढून टेबल फॅन लावला असता तरी तिचा प्रबंध आरामात टाईप झाला असता हे मला तेव्हाही माहीत होतं.

*

तर माझं म्हणणं एवढंच आहे. हवा ही गरज आहे आणि पाणी ही हौस आहे. हौस वाईट नाही. हौसेला गरज म्हणणं वाईट आहे, कारण मग तिचा खर्च आणि तिची जोखीम दुसऱ्याच्या खात्यावर जाते, आणि त्या दुसऱ्याला आपण विचारलेलंही नसतं.

पाण्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, मी नाकारत नाही. मोठा रेडिएटर आणि सावकाश फिरणारे पंखे असले तर यंत्र खरंच शांत होतं. छोट्या कॅबिनेटमध्ये भारी चिप बसवायची तर पाण्याशिवाय अवघडच. आणि स्वतः नळ्या वाकवून, जोडून, पाणी भरून ते चालू होताना पाहणं, याला तोड नाही. पण त्याबरोबर काय येतं तेही ऐका. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एका पाण्यात आले की गंज सुरू. पाण्यात औषध नसेल तर शेवाळ. मऊ नळ्यांमधून झिरपणारा चिकट थर ब्लॉकच्या बारीक खाचांमध्ये बसतो. वर्षा-दोन वर्षांनी सगळं सोडून धुवायचं. तयार सीलबंद येणारे एआयओ, २००९ मध्ये कोर्सेअरच्या एच५० पासून जे घरोघरी पोचले, ते यातली बरीच कटकट वाचवतात, पण त्यांच्याही नळ्यांतून पाणी अगदी हळूहळू कमी होत जातं आणि पंपाला आयुष्य असतं. पत्र्याच्या हीटसिंकला आणि पंख्याला बिघडायला फक्त पंखा असतो. तो पाचशे-हजारात मिळतो, आणि बंद पडला तरी काही भिजत नाही.

म्हणून कॅबिनेट बघायला गेलात तर काय बघावं, ते माझ्यापरीने सांगतो. समोर जाळी हवी, आणि जाळी म्हणजे भोकांपेक्षा पत्रा जास्त अशी नको. पॅनेलमागे दिवा धरून बघा, उजेड आला तर हवा येईल. धूळ अडवणारी चाळणी हवी आणि ती न वाकता निघायला हवी, नाहीतर तुम्ही ती कधीच धुणार नाही. आमच्याकडच्या धुळीत तर महिन्याला धुवावी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवा, म्हणजे फटीफटींतून धूळ शोषली जात नाही. १२० पेक्षा १४० मिलिमीटरचे पंखे बसत असतील तर उत्तम. मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा देतो, आवाज कमी. २०२१ मध्ये फ्रॅक्टलने टोरेंट काढलं त्यात समोर १८० मिलिमीटरचे दोन पंखे होते. एका नजरेत कळतं की या पेटीचा विचार आधी हवेचा झाला आहे.

काच म्हणजे पापच, असंही नाही. लियान लीच्या २०१८ च्या ओ-११ डायनॅमिकला समोर काचच आहे, पण त्याला खालून आणि बाजूने मोकळं ठेवलंय, आणि वर, खाली, बाजूला तिन्हीकडे रेडिएटर बसतात. काच कुठेही लावा, दार कुठेतरी ठेवा.

आणि उद्या कधीतरी पाणी घालायचा विचार असेल तर दुकानात टेप घेऊन जा. खोक्यावर '३६० चा रेडिएटर बसतो' लिहिलेलं असतं, पण ३६० म्हणजे फक्त पंख्यांची बेरीज. खरा रेडिएटर डोक्या-शेपटासकट ४०० च्या घरात जातो. जाडी त्याची २७-३० आणि पंख्याची २५. वर लावला तर उंच रॅमला टेकतो, समोर लावला तर लांब कार्डाला. समोर लावला तर प्रोसेसरला ताजी हवा मिळते पण तापलेली हवा कार्डावर जाते, वर लावला तर उलट. दोन्ही बरोबर आहेत, तुमचं जास्त काम कोण करतं त्यावर ठरवा. रेडिएटरचं वरचं टोक मात्र पंपापेक्षा उंच असू द्या, म्हणजे आत अडकलेली हवा पंपात जाऊन बसत नाही.

*

पुढच्या शनिवारी भाचा आणि मी बर्डीवर गेलो. साडेसहा हजारांचं काळं, जाळीचं, अत्यंत अनाकर्षक कॅबिनेट घेतलं. समोर १४० चे दोन पंखे, मागे एक. सगळं सामान हलवायला चार तास लागले. तो स्क्रू लावत होता आणि मी टॉर्च धरून बसलो होतो. साठ हजारांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. निघताना तोच म्हणाला, "मामा, जुना कॉम्प्युटर पडला आहे ना माझा. त्याच्यावर करून पाहू का पाणी?" मी म्हटलं, त्याच्यावर कर, काय वाट्टेल ते कर. तांब्याचा ठोकळा अजून माझ्या कपाटात आहे.

हो, मी तो टाकलेला नाही. उगाच साधूचा आव कशाला?

गेल्या आठवड्यात मी आणि ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. रेंडर चालू होतं, काळी पेटी कोपऱ्यात बारीक घरघरत होती, खिडकीत कूलर, समोरचं दार किलकिलं. ताई कौतुकाने सांगत होती की आता रात्रभर बंद पडत नाही. ही थोडा वेळ त्या पेटीकडे पाहत उभी राहिली.

मग भाच्याला म्हणाली, "यात पाणी नाही ना रे?"

"नाही, मामी."

"बरं," ती म्हणाली, आणि ताट घ्यायला स्वयंपाकघरात गेली.